पाच माणसां

“बा देवा म्हाराजा!” लवूने देवासमोर नारळ ठेवला.

“व्हय म्हाराजा!” सिद्धेश आणि तन्वीने घर दणाणून सोडलं. तो नऊ वर्षांचा, ती चारची. आजोबांच्या गाऱ्हाण्यातला एवढाच भाग दोघांच्या आवडीचा.

मागे विनीत मोबाइल हातात धरून चुळबुळत उभा होता. ज्या पार्कात जायचं होतं तो मुंबईच्या वाटेवर, आठ तासांवर. उंच पाळणे, उलटेपालटे करणाऱ्या गाड्या, भुताचं घर, सगळं एकाच कुंपणात. दिवाळीच्या सुट्टीतली तिकिटं भराभर संपत होती. पण आधी देवाच्या कानावर घालायचं आणि मग मोबाइलवर बोटं फिरवायची, असा लवूचा हुकूम होता. बापापुढे विनीतचं काही चालत नसे.

“ही माझी लेकरां लांबच्या वाटेक लागतली,” लवूचा आवाज चढला. “वाटेत काय वाकडां असात तां सरळ कर म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

“पाच माणसां जातली, पाचय माणसां सुखरूप परत हाड.”

“व्हय म्हाराजा!”

सारिकाच्या ओठांवरचा ‘व्हय’ ओठांवरच राहिला. जाणार होते चौघे. ती, नवरा आणि दोन मुलं. सासऱ्यांचे गुडघे त्यांना विहिरीपर्यंतही नीट नेत नव्हते, ते येण्याचा प्रश्नच नव्हता. पाचवं कोण, असं कोणीच विचारलं नाही. एरवी प्रश्न विचारून डोकं खाणारा सिद्धेशसुद्धा एकाएकी पायाचा अंगठा जमिनीवर घासत बसला.

लवू पडवीत येऊन टेकला तशी ती त्याच्यामागे गेली.

“बाबांनू, तुमी पाच म्हणालात.”

“म्हणालंय.”

“चार जणां जातव आमी. परत गाऱ्हाणां घाला, चार म्हणान.”

“देवाक सांगितलेलां मागे घेवचां नसता, चेडवा.”

त्याची चूक झाली नव्हती, हे तिला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. तिला संताप आला. अख्खी दुनिया सुट्टीला तारकर्लीला येते, आणि तिने मात्र समुद्राचा आवाज पोहोचणार नाही अशी जागा शोधून काढली होती. विनीतने तिची थट्टाही केली होती. त्याला तिने खरं कारण सांगितलं नव्हतं. इथे अजून तिन्हीसांजेला मुलांना हाक मारताना तिच्या जिभेवर तिसरं नाव येतं, आणि शेजारची मथुरा ते ऐकू न आल्यासारखं करते. त्या पार्कात तिला कोणी ओळखणार नव्हतं. तिथे ती दोनच मुलांची आई असणार होती. दोन दिवस, फक्त दोन दिवस तिला तसं राहून बघायचं होतं. त्याची तिला लाजही वाटत होती, आणि तरीही ते हवं होतं.

“कित्याक केलात असां?” तिने विचारलं.

लवू सुरूच्या बनाकडे बघत होता. त्यापलीकडे समुद्र.

“त्या दिशी तुमी भक्तीक घेवन दर्यार गेलात. पाच मिनिटांची वाट. माका वाटलां, हाकेच्या अंतरार जाणाऱ्यांक गाऱ्हाणां कसलां घालूचां?” त्याने गुडघ्यावरून हात फिरवला. “जल्मात तेवढ्या एकाच वेळेक घालूक नाय. तां आज घातलंय.”

इतकी वर्षं सारिकाला वाटत होतं, तो दिवस आपला एकटीचा आहे. दीड वर्षाच्या भक्तीचा हात लाटेत आपल्याच हातातून सुटला, म्हणून दोषही आपलाच. हा म्हातारा रोज तिच्यासमोर पेज जेवत होता आणि त्याने आपला वाटा कधी दाखवला नव्हता.

“सारिका, ये गो, रेंज आसा तवसर भरूया!” विनीतने अंगणाच्या कोपऱ्यातून हाक दिली. गावात रेंज मिळायची ती त्या एका माडाखाली.

ती गेली. विनीतने भराभर माहिती भरली. मोठी माणसं दोन. मुलं दोन. मग त्याचं बोट थांबलं.

“ह्यां काय आता? पंचाऐंशी सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची मुलां किती? तिकीट लागणा नाय म्हणे, पण आकडो लिवूक होयो.” त्याने तन्वीला माडाला टेकून उभं केलं आणि घरातून टेप मागवली. तन्वीने टाचा उचलल्या, त्याने त्या खाली दाबल्या. अठ्ठ्याण्णव भरली.

“आता हिका तिकीट काढूकच व्हया,” तो हसला. तन्वीला आपण मोठं झाल्याचा कोण आनंद झाला. ती आजोबांना सांगायला पळाली.

सारिका माडाच्या खोडाकडे बघत राहिली. जिथे तन्वीचं डोकं टेकलं होतं तिथे नाही, त्याच्या बरंच खाली.

“म्हणजे आपल्यात तसां कोण नाय,” विनीत म्हणाला आणि त्याने रकान्यात शून्य टाकलं.

“आसा.”

त्याने मान वर केली.

“एक लिवा,” सारिका म्हणाली. “ती अजून तेवढीच आसा.”