शेठच्या मातीला

"शेठनी बोलावलंय, मावशी. आत्ताच चला," समाधान दारात उभा राहून म्हणाला.

नवसाबाईच्या हातातला झेंडूचा हार अर्धाच ओवून झाला होता. घरमालकाचा हा जावई आजवर चाळीत यायचा तो धमकी द्यायला, नाहीतर पाणी बंद करायला. आज त्याने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या होत्या.

"मग खोलीत कोण बसणार?" तिने विचारलं.

तसा चाळीचा नियमच होता. सिंहस्थ तोंडावर आला होता आणि पंचवटीतली ही चाळ पाडून सावळीरामशेठला तिथे लॉज बांधायचं होतं. चाळीतली लंकाबाई श्रावणात त्र्यंबकच्या फेरीला गेली आणि परत आली, तर तिचं कुलूप तोडून शेठचं लावलेलं. भांडीकुंडी आत, ती बाहेर. कोर्टात तारखा पडत होत्या आणि ती भावाच्या ओसरीवर दिवस काढत होती. तेव्हापासून एकही खोली रिकामी सोडायची नाही, असं ठरलं. नवरा लग्नाला गेला तर बायको घरी. एकटीच राहणाऱ्या नवसाबाईने मालेगावला सख्ख्या भाचीचं लग्न बुडवलं होतं. ते तिला अजून सलत होतं.

शेजारच्या सुलाबाईची सून खोलीत येऊन बसली, तेव्हा कुठे ती निघाली.

इंदिरानगरच्या बंगल्यात शेठ खाटेवर पडला होता. नुसती हाडं उरली होती. ज्याला आजवर मनापासून शिव्या घातल्या, त्याच्या अंगावरची सरकलेली चादर तिने नीट केली. ती खुर्चीवर बसायला गेली, तेव्हा खाटेखालच्या पोत्याला तिचा पाय लागला. लोखंडाचा खणखणाट झाला.

"भंगार आहे, मावशी." समाधानने पोतं पायाने आत सरकवलं. पोत्याला लाल कापडाचं ठिगळ होतं.

"लय छळलं मी तुम्हाला," शेठ म्हणाला. "उद्यापासून पाणी सुरू करायला सांगतो."

"बरं होईल, शेठ."

"एकच मागतो. माझ्या मातीला सगळे या. पोरंबाळं धरून चाळीतलं एकूण एक माणूस. नायतर लोक म्हणतील, भाडेकरूंचे तळतळाट घेऊन गेला."

त्याने हात जोडले. नवसाबाईला रडू आलं. तिने शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. त्याच आठवड्यात शेठ गेला.

"कुणीतरी एकानं मागं राहायला पायजे," कारखान्यात जाणारा केरू म्हणाला. चाळीच्या वतीने कोर्टाची केस तोच बघत होता. "त्या जावयाचा मला भरोसा नाय."

"घरात मयत असताना कोण येईल कुलपं लावायला?" नवसाबाई म्हणाली. "मरणाऱ्याला शब्द दिलाय मी. मेल्यावर वैर संपतं, केरू. आपण माणसं हाय का नाय?"

केरूने चपला घातल्या. सुलाबाईने गुडघेदुखीचं निमित्त केलं, तर तिलाही रिक्षात घातलं. नवसाबाईने जाताना स्वतःच्या हाताने ओवलेला हार नेला.

बायका बंगल्यावर बसल्या, पुरुष अमरधामला गेले. शेठची खाट उचलली होती आणि खोली धुऊन तिथे दिवा लावला होता. जावयाने खांदा दिला, पण सरणाजवळ तो कुणाला दिसला नाही. जावयाला अशा दिवशी सतरा कामं असतात, म्हणून केरूनेही विचारलं नाही.

उन्हं कलल्यावर सगळे चाळीत परतले. मयताहून आल्यावर अंघोळीशिवाय घरात शिरायचं नसतं, आणि पाणी काढून ठेवायला आज मागे कुणी नव्हतं. त्यामुळे सगळे आधी नळावर गेले. पोरं भुकेने रडत होती. केरूने नळ फिरवला. पाणी आलं नाही.

शिवी हासडून तो दारांकडे वळला आणि तसाच उभा राहिला. लंकाबाईच्या दाराला होतं तसलंच कुलूप आता ओळीने प्रत्येक दाराला होतं.

नवसाबाई मात्र ओट्याकडे बघत होती. तिथे लाल ठिगळाचं पोतं पडलं होतं, रिकामं.