नुसतं नाव

"नवऱ्याचं नाव तोंडावर आनू नये, सिंधू. जेवढ्या बार घेशील, तेवढं त्याचं आयुष्य कमी होते."

भातकुलीच्या घरी, चुलीपुढे फुंकणी खाली ठेवत आई बोलली होती. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. तो आवाज मात्र सिंधूच्या कानातून गेला नाही. चिखलदऱ्याचा घाट उतरताना, हेल्मेटमध्ये वारा शिट्ट्या वाजवत होता, तेव्हाही तो होताच.

पुढे उद्धवराव. तिचे यजमान. हँडलवर वाकलेली पाठ, लाल हेल्मेट, आणि वळण आलं तरी न दाबलेला ब्रेक. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत स्टेंट बसवले. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवत जा. उताराबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. मग सिंधूनंही सायकल घेतली. पन्नाशी उलटल्यावर पडली, गुडघे फोडून घेतले, शिकली. माणूस नजरेसमोर असावा, एवढंच.

"हळू जाल ना जरा?" वरून निघतानाच तिनं विचारलं होतं.

"हळूच जायचं त चढ कायच्यासाठी चढलो वं मंग?" आणि सुटले.

थंडीचे दिवस. दरीत धुकं अजून उठलं नव्हतं. तळाशी नदीची बारीक रेघ तेवढी दिसे-न-दिसेशी. रस्ता रिकामा. सागाची वाळकी पानं चाकाखाली कुरकुरत होती. मागून रागिणी येत होती, सिंधूची नणंद, अकोल्याच्या जुन्या शहरातली. तिचे केस पिकले होते, जीभ नाही.

वरच्या वळणाशी सिंधू आली आणि तिला खालचा रस्ता दिसला. कड्याचं नाक पुढे आलं होतं, त्याच्या अलीकडे उद्धवराव. पलीकडे, कोवळ्या उन्हानं डांबर जिथं तापलं होतं तिथं, ऊब घेत म्हशींचा कळप बसला होता. सगळा रस्ता भरून. तिला दोन्ही दिसत होतं. त्यांना कडाच दिसत होता.

"अहो!"

पाठ तशीच वाकलेली.

"अहो! अहोऽऽ!"

कठड्याशी एक गवळी मोटरसायकलवर दुधाच्या कॅन बांधत होता. त्यानं मान वर केली. "मले म्हनता काय, मावशी?"

लाल हेल्मेट कड्याच्या नाकाशी पोचलं.

"उद्धव!"

ते तिच्या पोटातून निघालं. समोरच्या कड्यानं झेललं, त्यानं पलीकडच्याला दिलं, त्यानं खालच्या रानाला. सगळी दरी उद्धव, उद्धव म्हणत राहिली. आणि त्या हाकांच्या मध्येच कुठंतरी ब्रेक किंचाळले.

मग काहीच नाही.

सिंधू वळण उतरली ती पाय घासतच. सायकल तशीच टाकून पुढे धावली. उद्धवराव एक पाय टेकून उभे होते. पुढचं चाक एका म्हशीच्या नाकाशी. म्हैस उठली नव्हती. रवंथ करत होती.

तिनं त्यांच्या छातीवर हात ठेवला. आतलं ठोकत होतं, जोरात, पण नीट.

"मले वाटलं, आई बलावून राह्यली," उद्धवराव म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता. "नुसतं नाव घेनारं आता कोनी उरलंच नाही ना, सिंधू. कोनी सर म्हनते, कोनी राव. तू त अहो."

सिंधूनं हात मागे घेतला. "मी नाव घेतलं तुमचं. माहीत हाय ना, त्यानं काय होते?"

त्यांनी म्हशीकडे पाहिलं. मग चाकाकडे. मग तिच्याकडे.

"हाव. दिसून राह्यलं ना काय होते ते. उभा हावो तुह्यासमोर."

रागिणी येऊन थांबली. काय झालं ते तिला एका नजरेत कळलं. तिनं आधी भावाच्या पाठीत एक धपाटा घातला, मग वहिनीकडे वळली.

"वा वो वहिनी! तुमच्या लग्नात मी दार अडवून उभी होती, तवा नाही घेतलं. सारा मांडव मांगं लागला, तरी तोंड शिवलेलं. अन् आज म्हशीनं रस्ता अडवला, त घेतलं? म्हंजे ननंदेपक्षा म्हैस मोठी झाली का?"

आधी उद्धवराव हसले. मग सिंधू हसली, डोळे पुसत पुसत. गवळी खाली आला, हुर्र हुर्र करत त्यानं एकेक म्हैस उठवली. म्हशी आळसावत, शेपट्या झटकत बाजूला झाल्या. रस्ता मोकळा झाला. धुकंही तेवढ्यात विरलं आणि खाली नदी वळणावळणानं चमकत लांबवर गेलेली दिसली.

उद्धवरावांनी पायडलवर पाय ठेवला; पण निघाले नाहीत.

"जाऊ काय पुढं?" त्यांनी विचारलं. असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

सिंधूनं सायकल उचलली. चेन बसवली, काळे झालेले हात ओढणीला पुसले. त्यांच्या शेजारी, अगदी खेटून, येऊन उभी राहिली. आईचा आवाज आला का, म्हणून तिनं जरा कान दिला. नुसता वारा होता.

"चला," ती म्हणाली.

आणि मग, "उद्धव."

या वेळी इतकं हळू, की दरीला ऐकू गेलं नाही.