मापाचं हेल्मेट

“सोस जरा. घट्ट बसतं तेच मापाचं असतं,” लग्नाचा हिरवा चुडा भरताना आई म्हणाली होती. तेव्हापासून शालन सोसतच आली.

यंदा धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण म्हणून हेल्मेट द्यायचं ठरवून आई तिला इंदापूरच्या दुकानात घेऊन आली.

“डोकं जावयाचं आन् माप लेकीचं व्हय, मावशी?” दुकानदार हसला.

“दोघांचं माप एकच हाय. लग्नातला फेटा हिच्याच डोक्यावर बांधून बघितलेला. रोज मोटारसायकलवर असत्यात, जपायला नको?”

आईनं शालनच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. दुकानदाराच्या सांगण्यावरनं हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं घालून बघितली.

“गालाला घट्ट असावं, पर दुखू नये,” तो म्हणाला. शालनच्या कानामागून कळ निघाली. त्यानं मोठं दिलं, तरी त्याच जागी कळ. त्याहून मोठं डोक्यावर डुगडुगायला लागलं, तरी डोळ्यांत पाणी.

“अगं, एवढ्या सैलात काय टोचतंय तुला?” आईनं विचारलं.

आत शालनला नुसता स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तिनं काच वर केली.



“आई, हे त्यांना नगं. मला घे. घरात घालायला.”