जरासं जड वाटतंय

या, जवळ सरका. इंग्लंडातल्या आमच्या हॅलिफॅक्स गावच्या क्लिफर्डची गोष्ट सांगतो. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत घराचं छप्पर कोसळलं आणि ढिगाऱ्याखालून बाप म्हणाला, “जरा वारा सुटलाय वाटतं.” क्लिफर्ड हसता हसता छाती धरून वाकला.

“म्हाताऱ्या, पुरे की हसणं!” बायको एनिड म्हणाली.

“जरासं जड वाटतंय गं. कार्यक्रम संपू दे.”

त्याचा पांढराफटक चेहरा पाहून तिनं रुग्णवाहिकेला फोन केला. “माफ करा हं, तुम्हाला उगीच त्रास. नवऱ्याला किंचित बरं नाही. घाई नाही, सवडीनं या.”

ते सवडीनं आले.

“माफ करा, खेप वाया गेली तुमची,” एनिड दारात म्हणाली. “चहा तरी घ्या.”

छातीत कळ आली तर देवानं दिलेला गळा फाडून ओरडा, बाबांनो. आणि थडग्यात झोपलेल्या आमच्या क्लिफर्डला आठवा.