दर दुसऱ्या बुधवारी

"दर दुसऱ्या बुधवारी तुम्ही शहराच्या पार त्या टोकाला जाऊन पैसे काढता. कुणाला देता?"

तपासणी अधिकाऱ्यानं कागद तिच्यापुढं सरकवला. बँकेकडून त्यानं परस्परच मागवलेला. आठ महिन्यांच्या ओळी, त्यांतल्या सोळा लाल शाईनं अधोरेखित. स्वतःच्या खात्याकडं तिनंही इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

"धाकट्या बहिणीला भेटायला जाते," ती म्हणाली.

"बहीण त्या भागात राहत नाही. ते आम्ही पाहिलंय." तो मान खाली घालून लिहीत राहिला. "अपंग भत्ता घेणाऱ्यांचं दुसरीकडं बिऱ्हाड निघालं, की त्याला फसवणूक म्हणतात, बाई."

पलंगावरून नवरा हसला. अर्धं अंग लुळं पडलं तरी जीभ शाबूत होती. "साहेब, हिनं तिकडं दुसरा नवरा केला असेल, तर त्याला निरोप द्या. म्हणावं, पहिल्यालाही घेऊन जा!"

अधिकारी हसला नाही. भत्ता बंद पडला तर व्यायाम करून घेणारी बाई यायची थांबणार. ती येते म्हणून तर नवरा आता भिंतीला टेकून बसू लागला होता.

"जरा बाहेर येता? तिथं सांगते."

"नाही. ज्याचा भत्ता, त्याच्यासमोरच जबाब. सही त्यांचीच लागते."

तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. नवऱ्याकडं पाठ केली.

"पैसे काढते तिथं समोरच इस्पितळ आहे. कॅन्सरचं. यांना कळू नये म्हणून रोख भरते. वर्ष निघेल म्हणतात."

पेन थांबलं. मग शेवटच्या रकान्यात 'आक्षेप नाही' असं लिहून त्यानं कागद पलंगापाशी नेला. नवऱ्यानं डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली. तिला मागं वळून बघायचा धीर होईना.

"साहेब," नवरा हळू म्हणाला, "सकाळी ही उठायच्या आत हिच्या उशीवरचे केस मी या एका हातानं वेचून ठेवतो. महिने झाले. मला काही ठाऊक नाही, एवढ्याच समजुतीवर ही या घरात हसत होती. आता कुणासमोर हसेल?"