अनुक्रमांक एकशे अठ्ठेचाळीस

बारा वाजेपर्यंत तीनशे बारा मतदारांपैकी एकसष्ट जणांनीच मत दिलं होतं. शिवमूर्तीनं आकडा लिहिला आणि टक्केवारी काढली. साडेएकोणीस.

मागच्या निवडणुकीत याच शाळेत दोनशे एक्याण्णव मतं पडली होती. तहसीलमध्ये त्यानं ते मुद्दाम पाहून ठेवलं होतं. तेव्हाही पाऊस नव्हता, तेव्हाही अर्धं गाव कामासाठी बाहेर होतं. तरी त्र्याण्णव टक्के. अहमदपूरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिवमूर्तीला हे गणित पटत नव्हतं. यंदा तो इथला केंद्राध्यक्ष होता.

जिल्हा नवा होऊन तीन वर्षं झाली होती, पण मतदारयादी जुनीच चालत आली होती. वरची दोन-चार नावं खोडली होती, बाकी सगळी तशीच.

शाळेसमोरच्या दगडावर एक बाई सकाळपासून बसली होती. पहिलं मत तिचंच पडलं होतं. बोटाला शाई, कपाळाला कुंकू. उन्हं डोक्यावर आली तरी ती हलली नाही. शिवमूर्ती तांब्या घेऊन बाहेर गेला.

"मावशी, पाणी घ्या. मत झालं ना तुमचं? घरी जा की."

"मालकाची वाट बघून राहिले." ती ओंजळीनं पाणी प्यायली. "कामावर गेलेत. मागल्या बारीला त्यांचं मत पडलं व्हतं. नाव पुकारलेलं म्या माझ्या कानानं ऐकलं, भिताडाआडून."

"मग भेटले?"

"न्हाई. म्या येईस्तवर माणूस निघून गेला व्हता."

आत आल्यावर त्यानं यादी काढली. ती नागुबाई वाघमारे, अनुक्रमांक एकशे एकोणपन्नास. तिच्या वरचा, एकशे अठ्ठेचाळीस, केरबा वाघमारे. वय बावन्न.

"तिच्या नादी लागू नका, सर," एका उमेदवाराचा प्रतिनिधी भुजंग म्हणाला. "केरबा बहात्तरच्या दुष्काळात तळ्याच्या कामाला गेला तो गेलाच. ही एकटीच माघारी आली. म्हणती, येतील. तेरा वर्सं झाली, अजून दोन माणसांच्या भाकरी थापती."

"मग मागच्या वेळी त्याचं मत कुणी दिलं?"

भुजंगनं पान तोंडात टाकलं. "आला आसल की. गावाची वढ आसती, सर."

शिवमूर्तीनं यादी मिटली. त्याला उत्तर कळलं होतं. ती बाई उन्हात कुणासाठी बसली आहे, हेही कळलं होतं. एकशे अठ्ठेचाळीसच्या नावानं येणाऱ्याला आज सोडायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

साडेचारला एक माणूस चिठ्ठी घेऊन आत आला. मतदारांची नावं पुकारणाऱ्या साहेबराव ग्रामसेवकानं नेहमीसारखं खणखणीत वाचलं, "एकशे अठ्ठेचाळीस, केरबा वाघमारे!"

माणूस तिशीचा होता. डोक्यात एकही पांढरा केस नव्हता.

"वय?" शिवमूर्तीनं विचारलं.

"बावन्न."

"कष्टाचं शरीर हाय, सर," भुजंग घाईनं म्हणाला. "वय दिसत न्हाई."

"बाहेरच्या बाईंना बोलवा."

भुजंगचं पान चघळणं थांबलं. दारातल्या पोलिसानं हाक मारली. नागुबाई पदर सावरत उंबऱ्यात येऊन उभी राहिली. त्या माणसानं मान खाली घातली.

"मावशी, नीट बघा. घाबरू नका. तुम्ही नाही म्हणालात तर मी याला इथून पोलिसाच्या ताब्यात देईन. हे तुमचे मालक आहेत?"

तिनं बराच वेळ पाहिलं. शिवमूर्तीला वाटलं, ती आता रडेल.

"हाव," ती म्हणाली. "हेच."

शिवमूर्तीचा नाइलाज झाला. माणसाच्या बोटाला शाई लागली, मत पेटीत पडलं आणि तो मागं न बघता निघून गेला.

पाचला पेटीला सील लागलं. एकूण दोनशे शहाऐंशी. कागदपत्रं बांधून शिवमूर्ती बाहेर आला तेव्हा नागुबाई दगडावरून उठत होती. तो तिच्यापाशी गेला.

"का खोटं बोललात, मावशी? तो तुमच्या मुलाच्या वयाचा होता. उद्या खरे केरबा आले तर त्यांना काय सांगाल?"

"ते कुठून येतील, साहेब? तळ्याच्या कामावर तापानं गेले. म्याच माती दिली, या हातांनी. गावात कुणाला बोलले न्हाई. बोलले असते तर त्यांचं नाव यादीतून काढलं असतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बाईमाणसाला मालकाचं नाव घेता येत न्हाई. अन् या गावात त्यांचं नाव मोठ्यानं घेणारं दुसरं कोण हाय?"