झमझम समजून

टेबलावर सात कागदी कप होते, त्यातले सहा रिकामे. शेजारी बशीभर जर्दाळू, आणि तळाशी बोटभर पाणी उरलेली एक बाटली.

"यल्ला, तुझाच कप राहिलाय," अ‍ॅग्नेस आंटी म्हणाली. "तहसीनने झमझम आणलंय, मक्केचं पवित्र पाणी. डोकं झाक आधी. आम्ही सगळ्यांनी झाकलं."

स्वानंदीने बाटली ओळखली. तहसीन सुट्टीवर निघाला तेव्हा तिनेच ती निर्जंतुक करून त्याला दिली होती.

"आंटी, हे झमझम नाही. सॅम्पल आहे."

तहसीन दुबईच्या अल क्वोजमधल्या या पाणी-तपासणी लॅबची व्हॅन चालवायचा. त्याचं गाव पाकिस्तानच्या उत्तरेला, हिमनदीच्या सरोवराखालच्या उतारावर. दोन उन्हाळ्यांपासून तिथे पर्यटकांचे तंबू आले, होड्या आल्या, आणि सरोवरातूनच येणाऱ्या नळावरचा गावाचा विश्वास उडाला. त्याची बायको सहा महिन्यांच्या मुलीला पाठीशी बांधून लांबच्या झऱ्यावरून पाणी आणत होती. नळ वापरायचा की नाही, एवढंच त्याला विचारायचं होतं. सरोवराच्या आसपासच्या पाण्याच्या तीन बाटल्या बर्फाच्या डब्यात होत्या. नळाची चौथी त्याने दाखवायला बाहेर काढली, जर्दाळूंशेजारी ठेवली आणि तो व्हॅन लावायला गेला. गेल्या महिन्यात मक्केला उमरा करून परतलेल्या, लॅबमधल्याच मुश्ताकनेही तिथेच झमझम ठेवलं होतं.

अ‍ॅग्नेसने पोटावर हात ठेवला. "सहा जण प्यायलो गं आम्ही!"

"उद्या कळेल, आंटी."

दार उघडलं. तहसीनने बाटली पाहिली, मग कप पाहिले.

"सॉरी, तहसीन भाई," अ‍ॅग्नेस घाईने म्हणाली. "हम समझे झमझम है. सबने सिर ढक के, दुआ माँग के पिया."

"मेरे गाँव का पानी?" तो खुर्चीवर बसला. "सिर ढक के?"

त्याला हसू फुटलं, आणि हसताहसताच त्याने डोळे पुसले. "वहाँ टूरिस्ट उसमें पतीले धोते हैं, मैडम. घरवाली को बताऊँगा. शुक्रिया आप सबका."

मग त्याने स्वानंदीकडे पाहिलं. "टेस्ट तो खलास?"

स्वानंदीने बाटली उजेडात धरली. झाकण उघडलं गेलं होतं, हात लागले होते. जंतू सापडले तर ते नळाचे की अ‍ॅग्नेस आंटीच्या हाताचे, सांगता येणार नव्हतं. पण हातांनी भर पडली असती, घट नाही.

"चालीस एमएल बचा है. सौ चाहिए था," ती म्हणाली. "कुछ निकला तो दुबारा लाना पड़ेगा. नहीं निकला, तो चालीस का पक्का बोलूँगी. ज़्यादा नहीं."

"चालीस ही बोलो," तहसीन म्हणाला.

तिने चारही नमुने गाळले, गाळणकागद जंतू वाढवायच्या बशांत ठेवले आणि बशा उबवणीच्या कपाटात सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅग्नेस तिच्याआधी येऊन कपाटापाशी उभी होती. तहसीन व्हॅनची किल्ली मुठीत धरून दारात.

"माझं पोट ठीक आहे," अ‍ॅग्नेस म्हणाली. "तेही लिही हवं तर."

स्वानंदीने बशा भिंगाखाली धरल्या, जंतूंचे ठिपके दोनदा मोजले आणि आकडे मोठ्याने वाचून दाखवले.

ई. कोलाय. हिमनदीचा ओढा, शंभर मिलिलिटरमध्ये शून्य. तंबूंचा काठ, शंभरमध्ये अडतीस. होड्यांचा धक्का, शंभरमध्ये अकरा. गावचा नळ, चाळीस मिलिलिटरमध्ये शून्य.